जलस्थ दप्तर : मिशिगन सरोवरांतील दोन गलबतें

१. हस्तलिखित पोथीच्या अखेरीस लेखक बहुधा अशी विनंती करितो कीं, या पोथीचें तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून रक्षण करावें आणि ती मूर्खाच्या हातीं देऊं नये. ओल व वाळवी यांशीं नित्य झुंजणाऱ्या संग्राहकांस पाणी वैरी वाटावें, हें साहजिक आहे. तथापि साधनांचा एक वर्ग असा आहे कीं, ज्यास पाण्यानें राखलें व हवेनें नासलें. उत्तर अमेरिकेंतील मिशिगन सरोवराच्या तळाशीं पडलेलीं लांकडी गलबतें या वर्गांत मोडतात. त्यांपैकीं दोहोंची हकीकत येथें देऊन, साधन मूळ जागेवरून उचलावें कीं तेथेंच ठेवून त्याची नक्कल घ्यावी, या आपल्या जुन्या वादावर तिचा काय प्रकाश पडतो, तें पाहण्याचा आमचा उद्देश आहे.

२. प्रथम कारणमीमांसा. समुद्रांत लांकूड पोखरणारा शिंपल्याच्या जातीचा एक किडा असतो. कोंकणच्या किनाऱ्यावरील होड्यांसही त्याचा उपद्रव होतो. हा किडा गोड्या पाण्याच्या सरोवरांत नाहीं. दुसरें असें कीं, गोडें पाणी सुमारें ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतें. यामुळें खोल सरोवराचा तळ भर उन्हाळ्यांतही त्याच्याच आसपास थंड राहतो, आणि लांकूड कुजविणाऱ्या सूक्ष्म जंतूंचें काम मंदावतें. लाटांचा मारही तेथवर पोंचत नाहीं. म्हणून तेथें बुडालेलें गलबत आंतील सामानासह शंभर-दीडशें वर्षें बहुतांशीं शाबूत राहूं शकतें.

३. या दप्तरापर्यंत पोंचण्याचें साधन म्हणजे स्कूबा. १९४३ सालीं कुस्तो व गान्यां या दोन फ्रेंच गृहस्थांनीं, श्वास घेतांच त्या खोलीच्या दाबानें हवा पुरविणारी झडप सिद्ध केली, आणि पाणबुड्यास वरून येणाऱ्या नळीची गरज उरली नाहीं. परंतु थंड गोड्या पाण्यांत हीच झडप कधीं कधीं दगा देते. नळकांड्यांत कोंडलेली हवा प्रसरण पावतांच अतिशय थंड होते, झडपेवर बर्फ धरतो, ती उघडीच राहते आणि हवा भराभर निघून जाते. ३३ मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपटीहून अधिक असतो. तेथें हवेंतील नायट्रोजन बुद्धीस मांद्य आणतो. साध्या हवेवर त्या खोलीस सुमारें २० मिनिटांहून अधिक काळ राहिल्यास वाटेंत थांबत थांबत वर यावें लागतें; नाहीं तर तो वायु शरीरांत बुडबुड्यांच्या रूपानें सुटून प्राणावर बेततें. तात्पर्य, या दप्तराच्या वाचकास एका बैठकींत फारच थोडा वेळ मिळतो, आणि तोही बधिर बोटांनीं घालवावा लागतो.

४. 'ॲल्विन क्लार्क' हें दोन डोलकाठ्यांचें व्यापारी गलबत २९ जून १८६४ रोजीं या सरोवराच्या ग्रीन बे नामक आखातांत अकस्मात् उठलेल्या वाऱ्यानें बुडालें. १९६७ च्या नोव्हेंबरांत कोळ्यांचें जाळें तळाशीं अडकलें. तें सोडविण्यास उतरलेले पाणबुडे फ्रँक हॉफमन यांस सुमारें ३३ मीटरांवर हें गलबत आढळलें. हॉफमन व त्यांचे सोबती यांनीं आंतील गाळ उपसला, बुडाखालून पोलादी दोर ओवले, आणि १९६९ च्या जुलैंत तें वर काढलें. पाणी उपसून टाकल्यावर तें स्वतःच्या बळावर तरंगलें! आंत चीजनें भरलेलें एक भांडेंही मिळालें. येथवरची हकीकत गौरवाची आहे.

पुढें तें मिशिगन संस्थानांतील मेनोमिनी येथें लोकांस पाहण्यासाठीं ठेवण्यांत आलें. परंतु पाणी मुरलेलें जुनें लांकूड उघड्यावर वाळूं लागलें म्हणजे बाहेर पडणारें पाणी दुर्बळ झालेल्या पेशींच्या भिंतींस आंत ओढतें. लांकूड आक्रसतें व तडकतें. स्वीडन देशानें 'वासा' हें जहाज १९६१ सालीं वर काढल्यावर त्यावर १७ वर्षें पॉलिएथिलीन ग्लायकॉल नामक द्रव्याचा फवारा चालविला. तेवढें द्रव्यबळ हॉफमन यांजपाशीं नव्हतें. गलबत कुजत गेलें आणि १९९४ सालीं मोडून टाकण्यांत आलें. १०५ वर्षें पाण्यांत टिकलेली वस्तु हवेंत २५ वर्षेंच टिकली. दोष हौसेचा नव्हे. जतनाची तजवीज होण्यापूर्वीं उचलण्याचा आहे.

५. दुसरें गलबत 'राउज सिमन्स'. १८६८ सालीं मिलवॉकी येथें बांधलेलें हें तीन डोलकाठ्यांचें गलबत नाताळचीं झाडें घेऊन शिकागोकडे जात असतां १९१२ च्या नोव्हेंबरांतील वादळांत सर्व माणसांसह नाहींसें झालें. १९२४ सालीं कप्तान हर्मन शूनेमन यांचें मेणकापडांत गुंडाळलेलें पाकीट कोळ्यांच्या जाळ्यांत आलें. आंतील कागद शाबूत होते. दप्तरांतून सुटलेल्या एकाकी पानाप्रमाणें त्या पाकिटानें मालकाचें नांव सांगितलें, पण मूळ स्थळ सांगितलें नाहीं. १९७१ सालीं पाणबुड्यांस गलबत सुमारें ५० मीटरांवर सांपडलें, तेव्हां झाडें अद्याप पोटांत रचलेलीं होतीं. हें गलबत वर काढण्यांत आलें नाहीं. १९८७ च्या कायद्यानें अशा गलबतांची मालकी त्या त्या संस्थानाकडे गेली; २००६ सालीं विस्कॉन्सिन येथील इतिहासमंडळानें याची जागेवरच मोजणी केली; आणि २०२१ पासून हा भाग राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रांत आहे.

६. यावर कोणी म्हणेल, पाण्यांत ठेवलें म्हणजे भागलें. तसेंही नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत पूर्व युरोपाकडील शिंपल्यांची एक जात, झेब्रा, जहाजांच्या तळांतील पाण्याबरोबर या सरोवरांत शिरली. क्वागा नांवाची दुसरी तिच्या मागून आली. हे शिंपले पाणी गाळून स्वच्छ करितात, म्हणून पाणबुड्यास दूरवर दिसतें. पण तेच फळ्यांवर थरावर थर चढवून कोरींव काम व नांवें झांकून टाकितात आणि लोखंडी खिळ्यांच्या गंजण्यास हातभार लावितात. अक्षर वाचण्यास उजेड वाढावा आणि त्याच वेळीं पान पुसट व्हावें, असा हा प्रकार आहे. म्हणून हल्लीं पाणबुडे एकावर एक येणारीं शेंकडों छायाचित्रें घेतात व त्यांवरून गलबताची त्रिमित आकृति सिद्ध करितात. ही नक्कलच होय, आणि ती मूळ नष्ट होण्यापूर्वीं घेतली जात आहे.

७. आमच्या संग्राहकांस यांतून दोन नियम घेतां येतील. ज्याचें रक्षण करण्याचें सामर्थ्य आपणांत नाहीं, तें साधन त्याच्या जागेवरून हलवूं नये. आणि तें जागेवर सुरक्षित दिसलें तरी बस्त्यांचा क्रम व पानांची स्थिति नोंदवून त्याची नक्कल घेतल्यावांचून परतूं नये. घराण्यांतील दप्तरांच्या बाबतींत पहिला नियम आपण पुष्कळदां मोडतों, आणि दुसऱ्यास उशीर करितों. मेनोमिनी येथील गलबताची हकीकत पहिल्याचें मोल सांगते. शिंपल्यांखालीं झांकत चाललेलीं गलबतें दुसऱ्याचें.