आवाजाच्या बटणाचा इतिहास आणि घरातले वेगवेगळे कान

मागच्या महिन्यात एक आजोबा रक्तदाब तपासायला आले होते. वय पंच्याहत्तर, सोबत मुलगा आणि दहावीतली नात. नव्या घरात हॉल, स्वयंपाकघर आणि दोन बेडरूम अशा चार ठिकाणी छतात स्पीकर बसवलेत, पण आवाजाचं बटण एकच, तेही हॉलमध्ये. आजोबा सकाळी अभंग लावतात, बटण फिरवतात आणि चारही खोल्या दणाणतात. नात वैतागून म्हणाली, "डॉक्टर, सकाळी अभ्यासच होत नाही!" मुलानं विचारलं, "प्रत्येक खोलीत वेगळं बटण बसवू का?"

प्रश्न तसा इलेक्ट्रिशियनला विचारायचा. पण या बटणाचा इतिहास पाहिला, तर तो मधेच आमच्या शरीरशास्त्राच्या वर्गात येऊन बसतो.

सुरुवातीच्या ग्रामोफोनला आवाजाचं बटणच नव्हतं. मोठा आवाज हवा तर जाड सुई, हळू हवा तर बारीक सुई. १९०६ मध्ये अमेरिकेत 'व्हिक्ट्रोला' आला. त्याचा कर्णा लाकडी कपाटात लपवलेला होता आणि पुढे छोटी दारं होती. दारं उघडली की आवाज वाढे, लोटली की कमी होई. १९२० च्या दशकातल्या अनेक रेडिओंमध्ये व्हॉल्व्हच्या तारेचा वीजप्रवाह कमी-जास्त करून आवाज बदलत. पुढे कार्बनच्या पट्टीवर फिरणारं, आपल्या ओळखीचं गोल बटण रुळलं.

मात्र हे बटण साध्या सरळ हिशोबानं बनवलं, की पहिल्या थोड्याशा फिरवण्यातच आवाज भसकन वाढतो आणि पुढे कितीही फिरवा, फारसा फरक जाणवत नाही. याचं कारण आपल्या कानात आहे. लाइपझिगमधले वैद्यकाचे प्राध्यापक एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये दाखवलं, की हातातल्या वजनातली वाढ जाणवायची असेल, तर ती मूळ वजनाच्या ठराविक प्रमाणात व्हावी लागते. १८६० मध्ये गुस्ताव फेख्नर यांनी त्याला गणिताचं रूप दिलं. कानाचंही साधारण असंच आहे. स्पीकरला दहापट वीजशक्ती दिली, तर आवाज दहापट नव्हे, जेमतेम दुप्पट वाटतो. म्हणूनच आवाज मोजायला १९२० च्या दशकात बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत 'डेसिबल' हे गुणोत्तरावर चालणारं माप आलं आणि बटणंही कानाच्या चालीनं बनू लागली.

१९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी आणखी एक गोष्ट मोजली. आवाज हळू असताना खर्जाचे सूर आपल्याला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. गाणं 'भरल्यासारखं' वाटावं म्हणून हात आपोआप बटणाकडे जातो, तो यामुळेच. जुन्या अॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असे. हळू आवाजातही खर्ज भरून काढणं हे त्याचं काम.

आता एकाच घरातल्या अनेक खोल्यांकडे येऊ. ८ ओमचे चार स्पीकर समांतर जोडले, की अॅम्प्लिफायरला फक्त २ ओमचा भार दिसतो आणि तो तापतो. म्हणून भिंतीवर बसवायचं बटण निवडताना 'इम्पीडन्स मॅचिंग' असलेलं घ्या. त्यात बहुधा छोटा ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. साध्या रोधकाचं बटण नको असलेली शक्ती उष्णतेत घालवतं, ऑटोट्रान्सफॉर्मर ती फारशी वाया घालवत नाही. वायरलेस स्पीकर असतील, तर बहुतेकांच्या अॅपमध्ये प्रत्येक खोलीची कमाल मर्यादा ठरवता येते. ती जरूर ठरवा.

मी मुलाला सांगितलं, "खोलीगणिक बटण बसवाच." मग आजोबांकडे वळून विचारलं, "बाबा, लोक हळू बोलले तर ऐकू येत नाही आणि मोठ्यानं बोलले तर 'ओरडू नका' म्हणता का?" ते हसले. "अगदी तसंच होतं!"

ही वयोमानानं येणाऱ्या बहिरेपणाची नेहमीची खूण. आतल्या कानात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या झिजल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या उंच सुरांच्या, त्यामुळे 'स', 'श', 'फ' अशी व्यंजनं पुसट होतात. बटण वाढवलं तर आवाज मोठा होतो, शब्द स्पष्ट होत नाहीत. ऐकू येणं आणि आवाज असह्य होणं यांतलं अंतरही कमी होतं. आजोबांना नवीन बटणाआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी आणि ऑडिओमेट्री हवी होती. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो, कधी श्रवणयंत्राची गरज असते.

नातीलाही एक गोष्ट सांगितली. आजोबांच्या अभंगांवर उपाय म्हणून ती हेडफोन लावून आवाज वाढवत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकानुसार अशा साधनांवर प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास ही मर्यादा आहे. मुलांसाठी ७५ डेसिबल. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा करायचा. म्हणजे ८९ डेसिबलला प्रौढांचेही पाचच तास उरतात. छतातल्या स्पीकरवर गप्पांइतका, म्हणजे साधारण ६० डेसिबल आवाज असेल, तर कानाला धोका नाही.

घरात कुणी सतत आवाज वाढवत असेल, तर त्यांच्यावर चिडू नका. आधी त्यांचे कान तपासून घ्या. बटण त्यानंतर निवडा.