कातर रे भाजी

काही वर्षांपूर्वी आमच्या पाचूबंदरातल्या एका बाईंबरोबर मी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. त्यांचा नवरा समुद्रावर गेला तो परत आला नव्हता. त्याला वर्ष उलटून गेले होते. बाईंना झोप लागत नसे, हात थरथरत, आणि संध्याकाळी होड्या बंदरात शिरायच्या वेळी त्या घराचे दार लावून आत बसत. डॉक्टर तरुण होते, स्वभावाने चांगले वाटले. त्यांनी हिंदीत विचारले, काय त्रास होतो? बाई म्हणाल्या, "ठीक हाय." झोप? "ठीक हाय." मध्ये बोलून मीच थोडेफार सांगितले. दहा मिनिटांत गोळ्या लिहून झाल्या. बाहेर रांग मोठी होती. परतीच्या लोकलमध्ये भाईंदरची खाडी लागली आणि बाई बोलू लागल्या. आपल्या कोळी बोलीत, खिडकीकडे बघत. वसई आले तरी त्या थांबेनात. आम्ही फलाटावरच्या बाकावर बसून राहिलो. पाचूबंदरच्या दोन गाड्या निघून गेल्या.

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्र शिकलेलाही नाही. वसईच्या किल्ल्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला पोर्तुगीजांचा नाद लागतो, तसा तो मला लागला. नोकरी सांभाळून, शब्दकोश शेजारी ठेवून मी पोर्तुगीज कागद लावायला शिकलो. वसईचा माग काढताना गोव्यात शिरावेच लागते. तिथे मला एक पाद्री भेटला. बाकावरच्या त्या संध्याकाळी नेमके काय घडले, हा प्रश्न घेऊन मी पुढची काही वर्षे त्याच्या मागे हिंडलो.

जुझे कुस्तोदियु द फारिया हे त्याचे नाव. जग त्याला आबे फारिया म्हणून ओळखते. जन्म १७५६, बार्देशातल्या कांदोळी गावी. वडिलांचे घराणे कोलवाळचे, मूळचे शेणवी. फारिया लहान असतानाच आईवडील वेगळे झाले. वडील काएतानु व्हितोरिनु यांनी अर्धवट सोडलेले पाद्रीपण पुरे केले, आई ओल्ड गोव्यातल्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. १७७१ मध्ये बापलेक लिस्बनला पोहोचले, तेव्हा मुलगा पंधरा वर्षांचा होता. आई मागे राहिली, गाव मागे राहिले, कोंकणी बोलायला उरले ते फक्त वडील. पुढे मुलगा रोममध्ये शिकला आणि १७८० मध्ये तिथेच त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली.

आता ती प्रसिद्ध आख्यायिका. लिस्बनला परतल्यावर राणी पहिली मारिया हिच्यासमोर प्रवचन करायची संधी तरुण फारियाला मिळाली. तो व्यासपीठावर चढला, समोरचा दरबार पाहिला आणि त्याची वाचाच बसली. पाठ केलेले पोर्तुगीज शब्द गेले, लॅटिन गेले. तेवढ्यात खाली बसलेले वडील हलक्या आवाजात कोंकणीत म्हणाले : "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" मुलाच्या अंगातली भीती उतरली आणि प्रवचन वाहू लागले. आपला बाप चार शब्द बोलला आणि आपली जीभ सुटली हे कसे, या कुतूहलातून पुढचे सगळे संशोधन निघाले, असे गोव्यात सांगतात. आख्यायिका ती आख्यायिकाच, तिला कागदाचा आधार मागू नये. पण दोनशे वर्षे लोकांनी ती सांभाळून ठेवली, याचा अर्थ तिच्यात त्यांना काहीतरी ओळखीचे सापडले आहे. वडिलांनी "घाबरू नकोस" असे म्हटले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. त्यांनी स्वयंपाकघरातले वाक्य उचलले. ज्या घरात भीती नव्हती, त्या घरातले.

१७८७ मध्ये गोव्यात पिंटोंचे बंड उघडकीस आले. पोर्तुगीज सत्तेने पंधरा जणांना पणजीत फासावर चढवले, आणि लिस्बनमधल्या गोवेकर पाद्र्यांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. १७८८ मध्ये फारिया पॅरिसला निघून गेला. तिथे मेस्मरच्या 'प्राणिज चुंबकत्वा'चे वारे अजून शमले नव्हते. वैद्याच्या अंगातून एक अदृश्य द्रव वाहतो आणि त्याने रोगी बरा होतो, असा तो सिद्धांत. सोळाव्या लुईने नेमलेल्या समितीने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते, १७८४ मध्येच हा द्रव नसल्याचा निर्वाळा दिला होता. पण मग रोग्यांना जे होत होते ते काय होते? 'कल्पना' एवढे म्हणून समितीने हात झटकले. फारियाने तोच टाकून दिलेला शब्द उचलला.

मधल्या वर्षांत त्याने बरेच भोगले : राज्यक्रांती, १७९५ च्या उठावातला सहभाग, पुढे मार्सेय आणि नीम इथली शिक्षकाची नोकरी. ते सगळे इथे सांगत बसत नाही. ऑगस्ट १८१३ मध्ये पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावरच्या एका घरात त्याने आपले जाहीर प्रयोग सुरू केले. प्रवेशशुल्क पाच फ्रँक. तो माणसाला आरामात खुर्चीवर बसवी, डोळे मिटायला सांगे, मन झोपेच्या विचारावर ठेवायला सांगे आणि मग ठाम आवाजात म्हणे, "दॉर्मे!" म्हणजे "झोपा!" हा फ्रेंच शब्द आदरार्थी आहे, हे मला शब्दकोश उघडल्यावर कळले. 'झोप' असे नव्हे, 'झोपा'.

त्याचे म्हणणे साधे होते. माझ्या हातातून काहीही वाहत नाही. जे घडते ते समोरच्याच्या मनात घडते, त्याच्या तयारीने घडते. मी फक्त निमित्त. ज्या काळात प्रत्येक वैद्य स्वतःच्या शक्तीची जाहिरात करीत होता, त्या काळात हे बोलणे धंद्याला मारकच. फारिया संत होता असे मात्र समजू नये. त्याला रंगमंच आवडे. शातोब्रियाँने आठवणींत लिहिले आहे की एका मेजवानीत फारियाने चुंबकशक्तीने कॅनरी पक्षी मारून दाखवण्याची बढाई मारली आणि पक्षीच जिंकला. पातळ रक्ताच्या माणसांना ही झोप लवकर लागते, ही त्याची समजूतही चुकीचीच निघाली.

शेवट वाईट झाला. १८१६ मध्ये पॅरिसच्या नाट्यगृहात त्याची टिंगल करणारे प्रहसन आले. सावळा परदेशी पाद्री, त्याचे परके उच्चार. हसायला एवढे पुरते. लोकांनी पाठ फिरवली, चर्चने आधीच फिरवली होती. त्याचे पुस्तक आणि त्याचा मृत्यू दोन्ही १८१९ मधले. माँमार्त्रमध्ये त्याला पुरले. थडग्यावर खूणही राहिली नाही. पुढे अलेक्झांडर द्यूमाने 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'मधल्या कैद्याला त्याचे नाव दिले आणि खरा माणूस आणखीच मागे पडला. विचार मात्र जनरल न्वाझे या त्याच्या श्रोत्याकडून लिएबो आणि बर्नहाइम या नान्सीच्या डॉक्टरांपर्यंत गेला, आणि बर्नहाइमचे पुस्तक जर्मनमध्ये आणले ते व्हिएन्नाच्या तरुण सिग्मंड फ्रॉइडने.

इथवर आल्यावर मला वाटले, उत्तर मिळाले. दुःख मातृभाषेत राहते, म्हणून उपचारही मातृभाषेत व्हावा. असा एक लेखही मी लिहायला घेतला होता. मराठी माणसाला आवडेल असाच निष्कर्ष होता तो. मग व्हिएन्नातलीच दुसरी कथा वाचनात आली आणि लेख बाजूला ठेवावा लागला.

योजेफ ब्रॉयर या डॉक्टरने १८८० ते १८८२ या काळात एका तरुणीवर उपचार केले. १८९५ मध्ये फ्रॉइडबरोबर लिहिलेल्या पुस्तकात त्याने तिला 'अ‍ॅना ओ.' म्हटले. खरे नाव बेर्टा पापेनहाइम, हे १९५३ मध्ये बाहेर आले. आजारी वडिलांची रात्रंदिवस सेवा करताना ही मुलगी कोसळली. वडिलांच्या उशाशी बसली असताना तिला भिंतीतून साप येताना दिसला. ती प्रार्थना करू पाहते, पण एकाही भाषेतला शब्द येईना. शेवटी आठवल्या त्या लहानपणीच्या इंग्रजी बडबडगीतांच्या ओळी. पुढे ती जर्मन, म्हणजे आपली मातृभाषा, बोलायचीच थांबली. कित्येक महिने फक्त इंग्रजी. रोज संध्याकाळी ब्रॉयर येई आणि ती मनातले बोलून टाकी. या उपचाराला तिनेच नाव दिले, तेही इंग्रजीत : 'टॉकिंग क्युअर', बोलण्याचा उपचार. चेष्टेने ती त्याला 'चिमणी साफ करणे' असेही म्हणे. आज जगभर समुपदेशकासमोरच्या खुर्चीत जे चालते, त्याचे हे बारसे एका रुग्णाने परभाषेत केले.

फारियाची गोष्ट इथे उलटी झाली. त्याची जीभ घरच्या भाषेने सोडवली. बेर्टाची जीभ घरच्या भाषेत अडकली, कारण भीती त्या घरातच होती. परकी भाषा तिला आडोसा झाली. ब्रॉयरला इंग्रजी येत होते हे तिचे नशीब. त्याहून मोठे नशीब हे की "आधी जर्मन बोल, मग बघू" असा हट्ट त्याने धरला नाही. ती पूर्ण बरी झाली असे ब्रॉयरने सुचवले, ते खरे नव्हते. १८८२ मध्येच तिला आरोग्यधामात ठेवावे लागले. पण पुढच्या काळात हीच स्त्री ज्यू स्त्रियांच्या संघटनेची संस्थापक झाली, निराधार मुलींसाठी तिने नॉय-इझेनबुर्गला घर उभारले. आणि ती भाषांतरकार झाली. मेरी वुलस्टनक्राफ्टचे इंग्रजी पुस्तक तिने जर्मनमध्ये आणले, आपल्या एका पूर्वजेच्या यिडिश आठवणीही आणल्या. भाषांच्या मधल्या ज्या फटीत ती एकदा पडली होती, तिथेच तिने पुढे काम केले.

युरोपातून अमेरिकेत पोहोचलेल्या स्थलांतरितांत हेच पुन्हा दिसले. एडिथ बुक्सबाउम ही मूळची व्हिएन्नाची मनोविश्लेषक. तिने १९४९ मध्ये अशा रुग्णांविषयी लिहिले, जे जर्मन बोलायला नकार देत. इंग्रजी त्यांचे चिलखत होते. पण काही आठवणी जर्मन शब्दाशिवाय उघडतही नसत. उपचारकाला दोन्ही दारे माहीत हवीत, आणि कुठले दार कधी उघडायचे हे रुग्णाच्या हाती हवे. ज्युडिथ हर्मनने १९९२ च्या पुस्तकात आघातातून सावरण्याची पहिली पायरी म्हणून सुरक्षितता सांगितली. आठवणी त्यानंतर. दोन भाषा जाणणाऱ्या माणसापुढे बसलेल्याला ही सुरक्षितता म्हणजे कधी कधी फक्त भाषा निवडायची मोकळीक असते.

आपल्याकडेही पाऊल पडले आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये संस्था काढली आणि मनाच्या आजारांविषयी मराठीत बोलणे रुळवले. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की उपचाराविषयीची माहिती रुग्णाला समजणाऱ्या सोप्या भाषेत दिली पाहिजे. कायद्यातले हे वाक्य माहितीपुरते आहे. रुग्णाने आपले दुःख कुठल्या भाषेत सांगावे, हे कुठल्या कायद्यात बसणार?

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी फारियाचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५ चा. शिल्प सुरेख आहे. पाद्री हात पसरून उभा, खाली एक स्त्री मागे कलंडलेली. जणू त्याच्या बोटांतून काही तिच्यात उतरते आहे. नेमके हेच तर तो आयुष्यभर नाकारत आला. मी त्या पुतळ्यापुढे उभा राहिलो, तेव्हा त्या स्त्रीकडेच पाहत होतो. आपण तिच्याविषयी काहीच लिहून ठेवलेले नाही.

आमच्या बाईंची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. वडील गेल्यावर तीही मिटली होती. कॉलेजातल्या समुपदेशकाशी ती इंग्रजीत बोलते, असे तिने मला एकदा सांगितले. मी फारियाच्या नादात होतो, म्हणून विचारले, आपल्या बोलीत का नाही? ती म्हणाली, "काका, आपल्या बोलीत सांगायला लागले की आईचाच आवाज येतो."

बाई पुढे वसईतच एका समुपदेशक ताईंकडे जाऊ लागल्या. त्या ताई सामवेदी घरातल्या. घरी कादोडी बोलणाऱ्या, मुंबईत इंग्रजीतून शिकलेल्या. पहिल्या दिवशी सोबत म्हणून मी बाहेर बसलो होतो, दार अर्धे उघडे होते. ताईंनी विचारले, "कुठल्या भाषेत बोलूया, मावशी? कोळी मला समजते, बोलता तेवढी येत नाही. चुकले तर हसा." बाई हसल्या. मग बराच वेळ आतून काहीच ऐकू आले नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "आज नको बोलूया." ताई "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी चहा मागवला. दोघी अर्धा तास बसल्या. पुढच्या गुरुवारी बाई एकट्याच गेल्या.