पेटीच्या भात्याचा कॅमेरा

तुमच्यापैकी साठी ओलांडलेल्यांना स्टुडिओतला तो मोठा लाकडी कॅमेरा नक्की आठवत असेल. तीन पायांवर उभी पेटी आणि काळं कापड डोक्यावर ओढून आत डोकावणारा फोटोग्राफर.

इंग्रजी अमलात असे कॅमेरे विलायतेहून येत. आपल्या हवेसाठी तिथले कारागीर मुद्दाम सागवान वापरत आणि सांधे पितळेच्या पट्ट्यांनी बांधत, कारण दमट हवेत नुसता सरस सुटतो. सागात मूळचंच तेल असतं, म्हणून तो ओलीला आणि किडीला सहजी बधत नाही.

पुढे १९४०च्या दशकात केरळातल्या आलप्पुळा गावी के. करुणाकरन यांनी ‘वागीश्वरी’ नावाचा कॅमेरा हातानं घडवायला घेतला. वडिलांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. एका फोटोग्राफरनं कॅमेऱ्याचा फाटलेला भाता तिथं आणला आणि सुरुवात झाली. ज्याला पेटीचा भाता कळतो, त्याला कॅमेऱ्याचाही कळणारच! सागाचे नि पितळेचे हे कॅमेरे पुढची काही दशकं देशभरच्या स्टुडिओंत गेले.

आमच्या सासऱ्यांचाही असाच लाकडी कॅमेरा होता. ते गेल्यावर आम्ही तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकला. चार पावसाळ्यांनी उघडला, तर भिंगावर बुरशी आणि भात्याच्या कोपऱ्यांना झुरळांनी पाडलेली भोकं. चूक आमचीच. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते.

आता तो सुती खोळीत, कपाटाच्या मधल्या खणात असतो. भिंग वेगळ्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. भाता मिटलेलाच ठेवतो, पण कोरड्या दिवशी सावलीत हलकेच उघडून वारा देतो. भोक शोधायचं तर रात्री अंधारात आत टॉर्च धरायची. उजेडाचा ठिपका दिसेल, तिथं भोक.

एक सांगते, पितळ चकचकीत करायला चिंच-लिंबू लावू नका, वरचा लाखेचा थर निघून जातो. भात्याच्या चामड्याला खोबरेल तेलही नको. त्यावर धूळ चिकटते. मऊ कोरडं फडकं पुरे.

आणि फाटलेला भाता? तो आम्ही गावातल्या पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “हे तर आमचंच काम!”