बॉट्युलिनम विषाची अंतःक्षेपणे

बॉट्युलिनम विषाची अंतःक्षेपणे : क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या ऑक्सिजनविरहित परिस्थितीत वाढणाऱ्या सूक्ष्मजंतूने निर्माण केलेले तंत्रिका विष अत्यल्प व मोजलेल्या मात्रेत टोचून (अंतःक्षेपणाने) करण्यात येणारा उपचार. ज्ञात विषांपैकी सर्वांत तीव्र अशा या विषाचे औषधात रूपांतर होण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. या उपचाराचा इतिहास मुख्यतः मात्रा अचूक मोजण्याचा व विष इष्ट स्नायूपुरते मर्यादित ठेवण्याचा इतिहास आहे.

जर्मनीतील वुर्टेंबर्ग राज्यात बिघडलेल्या सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचे तपशीलवार वर्णन वैद्य व कवी युस्टिनुस केर्नर (१७८६–१८६२) यांनी १८२० व १८२२ मध्ये प्रसिद्ध केले. पापण्या ओघळणे, एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसणे, तोंड कोरडे पडणे, गिळता न येणे व अखेरीस श्वसन बंद पडणे ही लक्षणे त्यांनी नोंदविली. प्राण्यांवर आणि स्वतःवरही प्रयोग करून, तंत्रिका तंत्राच्या अतिक्षोभामुळे होणाऱ्या विकारांत हे विष अल्प मात्रेत उपयोगी पडू शकेल, असे अनुमान त्यांनी काढले. १८९५ मध्ये बेल्जियममधील एलेझेल गावी एका अंत्यविधीनंतर खारवलेले हॅम खाल्ल्याने वादकांच्या पथकातील अनेकांना विषबाधा झाली व तिघे दगावले. या घटनेच्या तपासात गेंट येथील प्राध्यापक एमिल व्हान एर्मेंगेम यांनी कारक सूक्ष्मजंतू वेगळा केला व १८९७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जंतूचे नाव सॉसेज या अर्थाच्या ‘बोटुलुस’ या लॅटिन शब्दावरून पडले.

दुसऱ्या महायुद्धकाळात अमेरिकेतील कँप डेट्रिक येथे लष्करी हेतूने संशोधन सुरू झाले आणि त्यातून १९४६ मध्ये ए प्रकारचे विष स्फटिकरूपात मिळाले. तंत्रिकेच्या टोकाकडून होणारे ॲसिटिलकोलिनाचे उत्सर्जन या विषाने थांबते, हे आर्नल्ड बर्गेन व त्यांचे सहकारी यांनी १९४९ मध्ये दाखविले. उत्सर्जनास आवश्यक असलेली प्रथिने विष तोडते, हे १९९२-९३ मध्ये स्पष्ट झाले.

तिरळेपणावर शस्त्रक्रियेऐवजी डोळ्याचा अतिक्रियाशील स्नायू तात्पुरता दुबळा करावा, या हेतूने सॅन फ्रॅन्सिस्को येथील नेत्रवैद्य ॲलन स्कॉट यांनी एडवर्ड शँट्झ यांच्याकडून शुद्ध विष मिळविले. माकडांवरील प्रयोग १९७३ मध्ये व मानवी रुग्णांवरील निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. शँट्झ यांनी १९७९ मध्ये तयार केलेला साठा १९९७ पर्यंत औषधनिर्मितीस पुरला. तिरळेपणा व पापण्यांच्या आकडीसाठी अमेरिकेत डिसेंबर १९८९ मध्ये मान्यता मिळाली. पापण्यांच्या आकडीवर उपचार करताना भुवयांमधील आठ्या नाहीशा होतात, हे कॅनडातील जीन व ॲलिस्टर करुदर्स या दांपत्याने ओळखून १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेत या उपयोगास २००२ मध्ये मान्यता मिळाली. मानेची आकडी, अतिस्वेद, दीर्घकालीन अर्धशिशी व स्नायूंचा ताठरपणा यांवरही हा उपचार करतात.

औषधाची मात्रा वजनाऐवजी एककांत सांगतात. उंदरांच्या उदरपोकळीत टोचल्यास त्यांपैकी निम्मे मरतील एवढी मात्रा म्हणजे एक एकक होय. बोटॉक्स या उत्पादनाच्या कुपीत १०० एकके शुष्क विष निर्वात अवस्थेत असते. त्यात परिरक्षकरहित ०·९ टक्के लवण विद्राव घालून कुपी हळुवार फिरवितात. निर्वातामुळे विद्राव आत ओढला गेला नाही, तर कुपी टाकून देतात. २·५ मिलि. विद्राव घातल्यास ०·१ मिलि. मध्ये ४ एकके येतात. भुवयांमधील आठ्यांसाठी अशी पाच अंतःक्षेपणे, म्हणजे एकूण २० एकके देतात. तयार औषध २° ते ८° से. तापमानात ठेवून २४ तासांत वापरतात. खोल वा लहान स्नायू निश्चित करण्यासाठी स्नायूंच्या विद्युत् आलेखनाचे साहाय्य घेतात. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो व साधारणतः तीन ते चार महिने टिकतो; नंतर तंत्रिकेचे कार्य पूर्ववत होत असल्याने उपचार पुन्हा करावा लागतो.

निरनिराळ्या उत्पादनांची एकके समतुल्य नसतात. एकाची मात्रा दुसऱ्यास लावणे धोक्याचे असते. विष शेजारच्या स्नायूंत पसरल्यास पापणी ओघळते वा गिळणे कठीण होते. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात २००४ मध्ये केवळ संशोधनासाठी असलेले, परवाना नसलेले तीव्र विष टोचल्याने चार व्यक्तींना गंभीर पक्षाघात झाला. प्रतिविषाने आधी झालेला पक्षाघात दूर होत नाही. विष अंतःक्षेपणाच्या जागेपासून दूर पसरू शकते, असा ठळक इशारा औषधासोबत देणे अमेरिकी औषध प्रशासनाने २००९ मध्ये बंधनकारक केले.