शिवराज अष्टक
शिवराज अष्टक : दिग्पाल लांजेकर दिग्दर्शित शिवकालीन मराठी चित्रपटांची मालिका. तीतील ‘फर्जंद’ (२०१८) व ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) यांत बहिर्जी नाईकांच्या हेरगिरीस महत्त्वाचे स्थान आहे. मालिकेतील चित्रपटांच्या उत्पन्नाची तुलना उद्‌बोधक ठरते. ‘शेर शिवराज’चा (२२ एप्रिल २०२२) विषय अफजलखानवध. १६५९ च्या स्वारीत खानाने तुळजापूरच्या भवानीची मूर्ती फोडल्याची हकीकत सभासदाच्या बखरीत येते. ही कथा लोकमानसात खोल रुजलेली. तरीही अधिक गल्ला ‘पावनखिंड’ने (१८ फेब्रुवारी २०२२) जमविला, तोही करोना-निर्बंधांमुळे चित्रपटगृहांत निम्म्याच आसनांना परवानगी असताना. एप्रिलमध्ये निर्बंध उठले होते; पण आठवड्यापूर्वीच आलेल्या ‘के.जी.एफ. : चॅप्टर २’ या कन्नड चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीने पुष्कळ पडदे अडविले होते. शिवाय एकाच प्रेक्षकवर्गाला दोन महिन्यांत दुसऱ्यांदा तिकीट काढावयाचे होते. गल्ल्याचे प्रसिद्ध होणारे आकडे बहुधा निर्मात्यांच्या व व्यापारी नियतकालिकांच्या अंदाजांवर आधारलेले असतात. तिकीटदर गावागणिक वेगळे असल्याने त्यांवरून प्रेक्षकसंख्या काढणेही धोक्याचे.