पिंजऱ्यातला सुदामा

विनोदकार कोणाला म्हणावे? जो लोकांना हसवतो त्याला, हे उत्तर सोपे आहे; पण मराठीच्या इतिहासात ते पुरत नाही. हसवण्याचे काम इथे जमावानेही केले आहे. गोपाळ गणेश आगरकर हयात असताना पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. रस्त्याच्या कडेला उभे राहून ती पाहणारे पुष्कळजण हसले असतील. तरी त्या हसण्याला विनोद म्हणायला जीभ रेटत नाही. ती का रेटत नाही, याचा शोध घेताना मी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपाशी येऊन थांबलो.

आगरकर १८९५ साली गेले. त्यानंतर ७ वर्षांनी, १९०२ मध्ये, 'विविधज्ञानविस्तारा'त कोल्हटकरांचा 'साक्षीदार' हा लेख आला. मराठी विनोदी लेखाची परंपरा सहसा तिथून मोजतात. कोल्हटकर पेशाने वकील, वकिली वऱ्हाडातली. १९१० मध्ये त्यांच्या अशा १८ लेखांचे पुस्तक निघाले, 'सुदाम्याचे पोहे अथवा अठरा धान्यांचे कडबोळे'. १९२३ च्या आवृत्तीत लेख ३२ झाले आणि पुस्तकाला 'साहित्यबत्तिशी' हे जोडनाव मिळाले.

कोल्हटकरांचा रोख आगरकरांसारखाच रूढींवर, पोकळ कर्मकांडावर आणि सभासंमेलनांच्या दिखाऊपणावर होता. 'गणेशचतुर्थी', 'शिमगा', 'चोरांचे संमेलन' ही शीर्षकेच पाहावीत. फरक आहे तो उभे राहण्याच्या जागेत. आगरकर पंगतीबाहेर उभे राहून, हे अन्न नासले आहे, असे बजावत होते. सुदामा पंगतीतच पाट मांडून बसतो. बंडूनाना आणि पांडूतात्या या सोबत्यांसह तो प्रत्येक रूढी इतक्या निष्ठेने पाळतो, तिची इतकी तळमळीने तरफदारी करतो, की तिचा फोलपणा आपोआप उघडा पडतो. सुदामा कोणावर आरोप ठेवत नाही. तो स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहतो आणि मनापासून कबुलीजबाब देतो. बाहेरच्याची साक्ष उलटतपासणीत मोडता येते, घरच्याच माणसाची मोडणे अवघड. हे वकिलाला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

मी विद्यापीठाच्या वाटेने इथवर आलेलो नाही, त्यामुळे हास्यरसाच्या व्याख्यांपेक्षा एक साधी कसोटी मला उपयोगी पडते: हसण्याची किंमत कोण मोजतो? प्रेतयात्रेत ती एकट्या आगरकरांनी मोजली. 'पोह्यां'त ती आधी सुदामा मोजतो, मग त्याच्यात स्वतःला ओळखणारा वाचक.

कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी विनोदासाठी 'बाळकराम' हे नाव घेतले. अवघ्या ३३ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी या लेखनाला जी भरारी दिली, ती गुरूलाही साधली नव्हती. चि. वि. जोशी बडोद्याला पालीचे प्राध्यापक, बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक. पण 'चिमणरावाचे चऱ्हाट' (१९३३) सांगतो तो संसारात पदोपदी फजित होणारा एक कारकून, तोही स्वतःच्या तोंडून. विद्वानाने आपली विद्वत्ता दाराबाहेर ठेवून कारकुनाचा कोट चढवला. पिंजरा तोच, आरोपी तेवढा बदलला.

मात्र ही कसोटी कौतुकापुरती वापरून भागत नाही. बाळकरामच्या लेखांत तिंबूनानांची मुलगी ठकी आहे. तिचे लग्न जमवण्याची मोहीम म्हणजे मुली दाखवण्याच्या पद्धतीची, वराकडच्यांच्या तोऱ्याची अस्सल खिल्ली. तिथे बाळकराम आणि तिंबूनाना स्वतःची फजिती करून घेतात, आणि विनोद आपल्या जागी असतो. पण पुष्कळदा हशा ठकीच्या रूपावर वसूल केला जातो. ठकीने ते रूप निवडले नव्हते, लग्नाची ही पद्धत तर नाहीच नाही. त्या ओळींपाशी बाळकराम पिंजऱ्यातून हळूच उतरतो आणि बघ्यांत मिसळतो. बघ्यांची ती रांग प्रेतयात्रेच्या वाटेवरच्या रांगेहून फार लांब नसते.

यावर, तो काळच तसा होता, असे म्हटले जाते. पण सुदामाही त्याच काळातला. शिवाय त्याच लेखमालेत, आपल्याच माणसांना पिंजऱ्यात उभे करण्याचे बळ गडकऱ्यांजवळ होते, याचे पुरावे पानोपानी आहेत. म्हणून गडकऱ्यांचे मोठेपण कमी होत नाही. विनोदकार असणे किती निसरडे आहे, एवढे कळते. ती एकदा मिळाली की कायम राहणारी पदवी नव्हे. प्रत्येक वाक्यागणिक ती पुन्हा कमवावी लागते.

सुदाम्याने पुरचुंडी लपवली, ती आणलेले पोहे फार साधे वाटले म्हणून. कोल्हटकरांनी हे नाव निवडताना वाङ्मयाच्या दरबारातले विनोदाचे स्थान ओळखले असावे. ते पोहे त्याच्या पत्नीने शेजारून मागून आणलेले होते, हे मात्र आपण विसरू नये. न मागता दुसऱ्याच्या घरातले उचलून आणले असते, तर त्यांना भेट कोणी म्हटले नसते.

बाळकराम आजही वाचावा, खदखदून हसावे. फक्त मध्येच थांबून, हे पान ठकीला वाचून दाखवता येईल का, एवढे स्वतःला विचारावे. जिथे तीही हसली असती, तिथे विनोदकार आहे.