वरची गाडी आणि खालचा हौद

गाडी ठेवायला जागा नाही, तर घराच्या गॅरेजमध्ये कार लिफ्ट बसवा. एका गाडीच्या जागेत दोन लागतील, हे मत आता छत्रपती संभाजीनगरच्या बंगले आणि रो-हाउसवाल्यांच्या बोलण्यातही येऊ लागले आहे. या मताच्या बाजूने जे खरे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. सिडकोने सत्तरच्या दशकात नव्या शहराची आखणी सुरू केली तेव्हा मध्यमवर्गीय घरापुढे फार तर एक स्कूटर असे. पुढे वाळूजला बजाज आली, 2001 पासून शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या तयार होऊ लागल्या आणि ऑक्टोबर 2010 मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे 65 कोटी रुपयांच्या 150 मर्सिडीज एकाच वेळी घेतल्या. गाड्या वाढल्या, प्लॉट तेवढेच राहिले. जागेची अडचण खरी आहे आणि ती सोडवू पाहणारा माणूस चैनीसाठी खर्च करतो आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही मूळ विधान मला चुकीचे वाटते. लहान घरातली लिफ्ट पार्किंग वाढवत नाही, साठवण वाढवते. हा भेद न पाहता घेतलेली लिफ्ट पैसे तर वाया घालवतेच, शिवाय घराला धोकाही आणते.

उंचीचा हिशेब सरळ आहे. खाली क्रेटा उभी केली तर 1,635 मिलिमीटर, वर स्विफ्ट ठेवली तर साधारण 1,530. मधल्या प्लॅटफॉर्मची जाडी दीडशेच्या आसपास, आणि दोन्ही गाड्यांच्या टपांवर शंभर-शंभरची मोकळीक. बेरीज 3.5 मीटर, म्हणजे साडेअकरा फूट. आपल्याकडे मजल्याची उंची साधारण दहा फूट धरतात आणि त्यातून तुळईची जाडी वजा होते. तेव्हा बहुतेक गॅरेजचा प्रश्न टेप लावताच निकाली निघतो. मग पोर्चपुढच्या मोकळ्या जागेत उंच पत्र्याचे शेड घालण्याचा पर्याय सुचवला जातो. पण सामासिक अंतर मोकळे ठेवण्याची अट बांधकाम परवानगीतच असते.

समजा उंची मिळाली. चर्चा इथे थांबते, आणि माझ्या मते खरा प्रश्न इथेच सुरू होतो. वर किती जागा आहे हे सगळे मोजतात, खाली काय आहे हे कोणी विचारत नाही. या शहरात खाली बहुधा हौद असतो. जायकवाडीचे पाणी लांबून येते आणि कित्येक वसाहतींत ते काही दिवसांच्या अंतराने मिळते. म्हणून घर बांधताना पोर्चखाली हौद घेणे ही इथली रीतच आहे. त्याच्यावरचा स्लॅब मिस्त्रीने अंदाजाने टाकलेला असतो, वर फरशी बसते, आणि काही वर्षांनी त्याची नेमकी हद्द घरातल्यांनाही सांगता येत नाही.

चार खांबी लिफ्टचे स्वतःचे वजन सहाशे-सातशे किलो धरा. वर तेराशे किलोची गाडी चढवली की चार खांबांवर मिळून दोन टन येतात. इंजिनाकडची बाजू जड, त्यामुळे पुढच्या दोन खांबांवर प्रत्येकी सहाशे किलोच्या आसपास भार पडतो, आणि तो हातभर रुंदीसुद्धा नसलेल्या लोखंडी पाटावर, रात्रंदिवस. खालच्या गाडीच्या चाकांचा भार वेगळाच. आयएस 875 या भारतीय मानकात अडीच टनांपर्यंतच्या मोटारींच्या गॅरेजसाठी दर चौरस मीटरला 2.5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 250 किलो, आणि एका ठिकाणी 9 किलोन्यूटन भार धरला आहे. तेरा चौरस मीटरच्या गॅरेजला याचा अर्थ सव्वातीन टन. दोन गाड्या आणि लिफ्ट मिळून जवळपास तेवढेच होतात. कागदावर हे जेमतेम बसते, हे मी नाकारत नाही. परंतु तो कागद अभियंत्याने हिशेब करून, योग्य सळई घालून टाकलेल्या स्लॅबचा आहे. मिस्त्रीच्या अंदाजाचा नाही.

हौद नसला तरी जमीन आहेच. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरुमाच्या भरावावर तीन-चार इंच काँक्रीट किंवा नुसते पेव्हर ब्लॉक, हा आपल्या पोर्चचा पाया. एक खांब सेंटिमीटरभर खचला तरी प्लॅटफॉर्म तिरपा होतो, चारही सेफ्टी लॉक एका पातळीत बसत नाहीत आणि गाडीचे वजन तिघांवर जाते. लिफ्टचा विक्रेता यंत्राची हमी देईल, तुमच्या जमिनीची देणार नाही.

आता वापराकडे येऊ. वरची गाडी काढायची तर खालची आधी गल्लीत न्यावी लागते. मग प्लॅटफॉर्म किंचित वर उचलून लॉक सोडवायचे, खाली आणायचा, गाडी बाहेर काढायची, पुन्हा खालची आत घ्यायची. वीज गेली असेल तर पहिलीच पायरी अडते, कारण बहुतेक लिफ्टना उतरण्यापूर्वी थोडे वर जावे लागते. सकाळी शाळा आणि शेंद्र्याची पाळी एकाच वेळी गाठणारे कुटुंब हा खटाटोप किती दिवस करील? एक गाडी रस्त्यावर राहू लागेल आणि लिफ्ट रिकामी उभी राहील.

यावर पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांचा दाखला देतात. तिथे यांत्रिक पार्किंग चालते, हे खरे. पण जिथे ते सुरळीत चालते तिथे सहसा पझल पद्धत असते. प्लॅटफॉर्म आडवेही सरकतात, म्हणून कोणाचीही गाडी दुसऱ्याला न उठवता निघते. शिवाय इमारतीच्या आराखड्यातच उंची आणि पाया धरलेला असतो आणि देखभालीचा करार असतो. यातले काहीच रो-हाउसच्या गॅरेजमध्ये नाही. नाव एक असले तरी व्यवस्था वेगळी आहे.

मग लिफ्ट कोणासाठी? ज्याची गाडी क्वचित हलते त्या घरासाठी, आणि तिथे मी तिची मनापासून शिफारस करीन. वडिलांची पद्मिनी, परदेशी असलेल्या मुलाची गाडी, वर्षातून दोनदा निघणारी अॅम्बेसेडर अशा गाड्या रस्त्यावर धूळ आणि उन्हात मरतात. त्यांना वर जागा द्यावी, रोजची गाडी खाली. पद्मिनी तर पावणेपंधराशे मिलिमीटरहूनही बुटकी, म्हणून हिशेब थोडा सुकर होतो. प्लॅटफॉर्म नेहमी लॉकवर टेकवून ठेवावा, तेलाच्या दाबावर सोडू नये. तेल गळू नये म्हणून खाली ट्रे हवा. बॅटरीची तार काढावी, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवावी. हँडब्रेक महिनोन्‌महिने ओढून ठेवला तर पावसाळी दमटपणात ब्रेक चिकटतात. त्यापेक्षा गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना पक्के अडसर लावावेत.

हा वाद वैयक्तिक खर्चापुरता राहणार नाही. जपानमध्ये 1962 च्या कायद्यापासून गाडी घेताना जागेचा दाखला लागतो. महाराष्ट्रातही 2025 मध्ये परिवहनमंत्र्यांनी पार्किंगच्या पुराव्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी न करण्याचा विचार बोलून दाखवला. तसा नियम आपल्या शहरात आला, तर घरगुती लिफ्टवरची जागा दुसरे पार्किंग म्हणून पुढे केली जाईल. ती जागा साठवणीची आहे. महापालिकेने आणि आरटीओने ती पुरावा म्हणून धरू नये. आणि लिफ्टचा विचार करणाऱ्यांनी आगाऊ रक्कम देण्याआधी हौदाची हद्द आखून घ्यावी, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्यावा. वरची गाडी आठवड्यातून एकदा जरी काढावी लागणार असेल, तर लिफ्ट घेऊ नये.